छान खेळा, तेता

‘चावी या ओळीत लिहू नका. ही ओळ लक्षात ठेवली जाते.’

काळ्या खिडकीत पिवळ्या अक्षरांतला हा इशारा पहिल्यांदा उमटला, तेव्हा लारिसाच्या डाव्या कडेवर तिची तान्ही लेक डारिना होती आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टायपिंग चाललं होतं. चावी म्हणजे पैशाच्या खात्याला हुकूम देणारी लांबलचक गुप्त अक्षरं; ती वेगळ्या फाइलमध्ये कुलूपबंद करायची आणि मगच कमांड द्यायची, हे तिला कॉलेजात शिकवलेलं होतं, तिला पटलेलंही होतं. पण नेमकी तेव्हाच डारिनाने तिच्या खांद्यावर दूध ओकलं. लॅपटॉप माझा, घर माझं, इथे बघायला येतंय कोण, असं म्हणून तिने एंटर दाबलं आणि पुसायला फडकं शोधायला गेली.

खरं म्हणजे ही बाई अशी नव्हे. शेगडी बंद केली का, हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवून परत येणारी. डारिना झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, मग डारिना जागी व्हायची आणि तिला पुन्हा झोपवताना लारिसाचाच श्वास जायचा. नवरा मायरन म्हणायचा, हिच्या काळजीला पगार असता तर आपण बंगल्यात राहिलो असतो.

या काळजीमुळेच दोलिना क्रीक या बर्फाळ गावाच्या कर्लिंग क्लबने, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत नेमावर नेण्याच्या खेळाच्या क्लबने, तिला खजिनदार केलं होतं. क्लबचा बर्फ गोठवणारा कॉम्प्रेसर म्हातारा झाला होता. मार्च लागायच्या आतच बर्फावर पाणी साचायचं आणि दगड सरकण्याऐवजी पोहायचे. या वर्षी नवा बसला नाही, तर पुढच्या हिवाळ्यात क्लबला कुलूप, हे ठरल्यात जमा होतं. अशात टोरांटोला गेलेल्या एका जुन्या खेळाडूच्या नातवाने आजोबांच्या आठवणीसाठी देणगी पाठवली, पण ती डॉलरमध्ये नव्हे, क्रिप्टो या डिजिटल चलनात. अध्यक्ष नेस्टर बाल्को डोकं खाजवत म्हणाला होता, ‘म्हणजे पैसे आलेत, पण कुठे ठेवलेत ते दिसत नाही, असंच ना?’

मग क्रिप्टोची देवघेव करणाऱ्या एक्सचेंजवर क्लबचं खातं उघडलं ते लारिसाने. खोट्या वेबसाइटींची तिला धास्ती. म्हणून ती ब्राउझरच्या वाटेला न जाता टर्मिनलमधून, म्हणजे त्या काळ्या खिडकीतूनच, खात्याशी बोलायची. चावी दाखवायची, एका ओळीत विचारायचं, एका ओळीत उत्तर. पैसे बाहेर जायचे तर मात्र दुसऱ्या माणसाची मंजुरी हवी, असा क्लबचा नियम. आणि तो दुसरा माणूस म्हणून सगळ्यांनी एकमताने निवडलं तेता स्तेफाला.

तेता म्हणजे मावशी. स्तेफा साऱ्या गावाची तेता. तरुणपणी तिचा दगड कधी चुकला नाही असं म्हणतात. नवरा गेल्यापासून थंडीचे महिने ती ॲरिझोनात, एका लहानशा घरात एकटीच काढते. मंजुरीचं ॲप तिच्या फोनवर टाकून दिलं तेव्हा तिने एकच अट घातली होती. सामन्याआधी आपण सगळे हात मिळवतो, ‘छान खेळा’ म्हणतो आणि मगच दगडाला हात लावतो, तसंच इथेही चाललं पाहिजे. पैशाची विनंती येईल तिच्याखाली ‘छान खेळा’ लिहिलेलं हवं. लारिसा मनात हसली होती. पण कमांडमध्ये चार शब्दांच्या टिपेची सोय होती, म्हणून कॉम्प्रेसरवाल्याला विसार पाठवताना तिने ‘छान खेळा, तेता’ लिहिलं. पलीकडून लगेच मंजुरी आली.

लगेच मंजुरी येते, हीच लारिसाला मनातून भीती. कारण तेता कुणाला नाही म्हणत नसे. हा निरोप दहा जणांना पाठवा म्हटलं की ती अकरा जणांना पाठवायची. फोनवर गोड बोलणाऱ्या एका पोराकडून तिने गालिचा साफ करायचं यंत्र घेतलं होतं, आणि घरात गालिचा नव्हता.

हंगाम संपल्याचं जेवण रविवारी दुपारी, क्लबच्याच हॉलमध्ये असतं. बायकांनी सकाळपासून पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळल्या होत्या, मायरन कांदा परतून परतून लाल झाला होता. तेतासारख्या थंडीत ॲरिझोनाला जाणाऱ्या मंडळींना घरबसल्या बघता यावं म्हणून नेस्टरने आपला फोन मोहरीच्या बाटल्यांना टेकवून थेट प्रक्षेपण लावलं होतं, आणि जास्त लोकांनी बघावं म्हणून ते साऱ्या जगाला खुलं करून ठेवलं होतं. याचा त्याला भारी अभिमान.

जेवणं झाल्यावर तो म्हणाला, लारिसा, ते न दिसणारे पैसे एकदा सगळ्यांना दाखव. तिने डारिनाला कडेवर घेतलं, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. भिंतीवर काळी खिडकी पसरली. मागून कुणीतरी विचारलं, टीव्ही बिघडला का? हशा पिकला, तीही हसली. मग मागची कमांड पुन्हा आणण्यासाठी सवयीने वरच्या बाणाचं बटन दाबलं. एकदा, दोनदा. तेवढ्यात डारिनाने टेबलावर थाप मारली, ती नेमकी त्याच बटनावर पडली. जुन्या ओळी सरसर मागे गेल्या आणि भिंतीवर ती ओळ येऊन थांबली. फडकं शोधायच्या गडबडीतली. चावीचं नाव आणि चावीचं गुपित, दोन्ही, हातभर मोठ्या अक्षरांत.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. एवढी लांबलचक अक्षरं म्हणजे पैसेही तेवढेच असणार. आणि ॲरिझोनाला नीट दिसत नसेल म्हणून नेस्टरने फोन उचलून भिंतीजवळ नेला, सावकाश, डावीकडून उजवीकडे.

लारिसाने लॅपटॉप खाडकन मिटला. ही साधी चावी नव्हती. विसार पाठवायचा म्हणून तिने तिला पैसे हलवायची परवानगी दिली होती, आणि नंतर काढून घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं होतं. चावी रद्द करायची तर खात्यात शिरायला हवं, आणि त्यासाठी लागणारा कोड देणारं छोटं यंत्र घरी फ्रिजवरच्या डब्यात. पोरीच्या हाती लागू नये म्हणून इतकं उंच ठेवलेलं. ‘मायरन, घरी जा, फ्रिजवरचा डबा,’ एवढंच ती म्हणाली. तिचा चेहरा बघून तो एप्रनसकट पळाला.

आता चोर आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये उभी होती फक्त तेता स्तेफा, जिला नाही म्हणता येत नाही.

लारिसाने फोन लावला. वाजला आणि कटला. पुन्हा लावला, पुन्हा कटला. म्हातारी बरी आहे ना, पडली तर नाही ना, की घाबरून भलतंच बटन दाबतेय, एक ना अनेक विचार. नेस्टर जवळ येऊन म्हणाला, ‘अगं, ती आपलं प्रक्षेपणच बघतेय. मघाशी तिने माझ्या टकलाबद्दल खाली काहीतरी लिहिलंय.’

तेव्हा लारिसाच्या डोक्यात प्रकाश पडला. तेता फोनवरच बघत होती, आणि मध्ये येणारा प्रत्येक फोन कापत होती. तिने नेस्टरच्या हातातून फोन घेतला आणि साऱ्या जगासमोर, कडेवर पोर, खांद्यावर आंबट साईचा डाग, थेट त्या काचेत बघून म्हणाली, ‘तेता, मी लारिसा. बघणं थांबवा आणि माझा फोन उचला.’

लारिसाचा फोन लगेच वाजला.

‘ऐन रंगात काय गं तुझं,’ तेता करवादली. ‘मुलगी छान गुटगुटीत झालीय. टोपी नाही का तिला?’

‘तेता, पैशाची काही विनंती आली का?’

‘आली की. सगळेच्या सगळे पैसे मागत होता मेला.’

लारिसा खुर्चीवर बसली. ‘मग तुम्ही काय केलंत?’

‘नाही म्हटलं. खाली काही लिहिलेलंच नाही, ना छान खेळा, ना काही. हात न मिळवता दगड टाकणाऱ्या माणसाशी मी आयुष्यात खेळले नाही.’ मग जरा आवाज खाली आणून ती म्हणाली, ‘मला वाटलं नेस्टर असेल. त्याला कधी रीतभात होती?’

फोन स्पीकरवर होता. हॉलमध्ये हशा फुटला. नेस्टर म्हणाला, तेता, मी इथेच आहे. ती म्हणाली, ठाऊक आहे, म्हणूनच बोलले.

‘थांब, परत आली,’ तेता मध्येच म्हणाली. ‘नाही म्हटलं. बाई गं, चिवट आहे.’ पुढचा सगळा वेळ ती अशीच मावशीच्या मायेने नकार देत राहिली. हॉलमधले लोक प्रत्येक ‘नाही’ला टेबलं वाजवू लागले, तशी ती आणखी ठसक्यात म्हणू लागली. कुठल्या चोराला इतक्या प्रेमाने कुणी हाकललं नसेल. मग मायरनने घरून दुसऱ्या एका फोनवर कोड वाचून दाखवला, लारिसाने चावी रद्द केली, आणि विनंत्या थांबल्या. ‘कंटाळला वाटतं,’ तेता थोड्या हिरमोडानेच म्हणाली.

त्याच दुपारी, डारिना नेस्टरच्या मांडीवर असताना, लारिसाने नवी चावी बनवली. फक्त बघण्याची, हलवण्याची परवानगी नसलेली. ती फाइलमध्ये ठेवली, फाइलला कुलूप घातलं आणि जुन्या ओळी पुसल्या. पिवळा इशारा या वेळी आलाच नाही. मग तिने भिंतीवर शिल्लक दाखवली. जशी होती तशी. कुणीतरी ॲकॉर्डियन काढलं आणि वितळत्या बर्फावर, बुटांत पाणी शिरत असताना, माणसं नाचली.

नवा कॉम्प्रेसर ऑगस्टमध्ये बसला. बाकीची रक्कम पाठवताना लारिसाने टिपेत नेहमीचं लिहिलं. या वेळी मंजुरी लगेच येईना. तिला धडकी भरली, तिने फोन केला. तेता आपल्या गावच्या घरी, परसात काकड्या तोडत होती. म्हणाली, तुझा आवाज ऐकायचा होता, म्हणून थांबले. विनंती आली की तू नुसतं लिहितेस, फोन कुठे करतेस?

तेव्हापासून लारिसा दर रविवारी फोन करते, पैशाचं काही काम नसतानाही. आणि तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे. चाव्या तुम्ही नीट ठेवालच. पण तुमच्याही घरचं कुणीतरी, दूर कुठेतरी, हातात फोन धरून एकटं बसलेलं असेल. कुणाला हो म्हणायचं, कुणाला नाही, हे आपल्या रीतीने ठरवत असेल. त्याला आज फोन करून बघा. कटला तर पुन्हा करा.