शिपायांचे डोळे

नवरा घर सोडून गेला आणि तिला कशाचंच काही वाटेनासं झालं. ऑफिसला जाई, परत येई; दूध उतू गेलं तरी ती ओट्याशी उभी राहून नुसती बघत राही. घरात उरले ती आणि सासरे. सासरे निवृत्त बसचालक. त्यांना नाद एकच, टेबलावर मांडून खेळायच्या लढाईतले बोटभर शिपाई रंगवायचे. या खेळाच्या क्लबातली मंडळी आपली फौज त्यांच्याकडेच आणून द्यायची. आता मात्र त्यांचा हात थरथरायला लागला होता.

एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी हाक मारली. "सूनबाई, जरा इथे बस. तुझा हात स्थिर आहे."

"मला नाही हो येत, बाबा."

"मला तरी कुठे येतंय आता?"

ती बसली. नाही म्हणायलाही जोर लागतो, तो तिच्यात नव्हता.

बाटलीच्या बुचावर चिकटवलेला शिपाई त्यांनी तिच्या हातात दिला. "रंग पातळ कर, दुधासारखा. थापलास तर चेहरा बुजेल." अंगरखा रंगवून झाला की वरून काळपट पाणी सोडायचं, ते आपणहून चुण्यांत उतरतं. ते वाळलं की ब्रश फडक्याला पुसून कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. ती सांगितलं तसं करत गेली. बरं वाटत होतं असं नाही. दुपार सरत होती, इतकंच.

डोळे शेवटी. "कोपरं टेकव. आधी पांढरी रेघ, मग काळा ठिपका. श्वास रोखून."

एकदा ती ठिपका देणार तोच बेल वाजली. सासऱ्यांनी दार उघडलं. तिचा नवरा होता.

"कपडे न्यायला आलोय."

आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा, बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"हे काय नवीन?"

तिने ब्रशचं टोक शिपायाच्या डोळ्याला टेकवलं.

"अगं, तुझ्याशी बोलतोय मी!"

"श्वास रोखलाय तिने," सासरे म्हणाले. "मला सांग."

"हे भाड्याचं घर सोडतोय मी महिनाअखेर. तुम्ही माझ्याकडे चला, बाबा."

"आणि ही?"

"जाईल की माहेरी."

आता छातीत काहीतरी हलेल म्हणून ती वाट बघत राहिली. काही हलेना.

"माझं काम अर्धवट आहे," सासरे म्हणाले. "आणि हात हिच्याकडे आहे. मी हिच्याबरोबर राहीन."

"खेळण्यांसाठी?"

तो बॅग उचलून निघून गेला. सासऱ्यांनी भिंग लावून शिपाई पाहिला. "चकणा झाला गं."

"पुसते," ती म्हणाली, आणि ओल्या ब्रशाने तिने डोळा पुसला.

पुढच्याच आठवड्यात दोघं तिच्या ऑफिसजवळ दोन खोल्या बघायला गेले. घरमालकीण म्हणाली, "हे वडील का?"

"सासरे."

"आणि मिस्टर?"



"टेबल खिडकीशी मावेल ना?" सासऱ्यांनी मध्येच विचारलं. "आम्हाला उजेड लागतो."

ती खिडकीजवळ गेली आणि वितीने जागा मोजू लागली.