कुणीतरी या

अग्निशमन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही बारा आया निळ्या चटयांवर गुडघे टेकून बसलो होतो. तिघींत एक अशा रबरी बाहुल्या आमच्यापुढे उताण्या पडल्या होत्या. खरी बाळं शेजारच्या खोलीत, मदतीला आलेल्या आज्यांकडे होती. माझी लेक कोतोहा माझ्याकडे वळूनही न बघता एका आजीच्या कुशीत गेली. पाच महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं होतं. नवऱ्याच्या हातात देते, नाही असं नाही. पण ते रविवारी, आणि तेही त्याचा डोळा लागेपर्यंत.

शिकवणारे कुवाबारा-सान पन्नाशीचे, आणि आवाज असा की आग त्यालाच घाबरून विझत असावी. ते आम्हा सगळ्यांना सरसकट ‘आई’ म्हणत होते. आम्हीही एकमेकींची नावं विचारली नव्हती. माझ्या डावीकडे रेन्ताची आई होती, उजवीकडे जुळ्यांची आई, आणि मी कोतोहाची आई. माझं नाव चिझुरु. गेल्या महिन्यात दातांच्या दवाखान्यात कुणीतरी ते पुकारलं, तर मी इकडेतिकडे बघत बसले.

मी इथं का आले ते सांगते. तीन आठवड्यांपूर्वी दूध पिताना कोतोहाला ठसका लागला. तोंड लाल झालं, मग ओठ काळेनिळे पडायला लागले. मी तिला उचलून घरभर नुसती फिरत राहिले. ओरडावं असं मनात आलं, पण तोंडातून आवाज फुटेना, आणि ओरडून बोलवायचं तरी कुणाला तेही सुचेना. मग तिनंच भडाभडा ओकून टाकलं आणि भोकाड पसरलं. आणि मी काय केलं असेल? धावत जाऊन चुकून उघडी राहिलेली खिडकी लावली, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही मात्सुमोतोला आलो तेव्हा बाळ तीन आठवड्यांचं होतं. माझं माहेर कागोशिमाला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आल्या आल्या मी रीतीप्रमाणे वर, खाली, शेजारी सगळीकडे साबणाचे खोके वाटले आणि बाळ रडेल म्हणून आगाऊ माफी मागून आले. महिनाभरानं पत्रपेटीत बिनसहीची एक चिठ्ठी आली. अक्षर मोत्यासारखं. ‘लहान मुलं रडणारच, हे आम्ही समजतो. तरीही...’ तरीहीच्या पुढे काही नाही, नुसती टिंबं. सरळ शिव्या दिल्या असत्या तर मी दोन दिवस रडून मोकळी झाले असते. त्या टिंबांनी मात्र माझं तोंडच शिवलं. भर उन्हाळ्यात खिडक्या बंद. बाळ रडायला लागलं की तिला घेऊन न्हाणीघरात बसायचं आणि दार लावून घ्यायचं. दिवसभरात मी बोलते ते फक्त वाणसामानाच्या दुकानातल्या पोरीशी. ‘पिशवी हवी का?’ ‘नको.’ कधी कधी खांद्याला पिशवी असूनही मी हवी म्हणते, म्हणजे ती लहान की मोठी हे तरी विचारते.

तर शिकवणी. तळपायावर टिचक्या मारून बाळाला हाका मारा, छातीच्या मधोमध दोन बोटांनी तीस वेळा दाबा, दोनदा फुंका. हे मला छान जमलं. कुवाबारा-सान ‘वा, आई!’ म्हणालेसुद्धा. मग मदतीला हाक मारायची वेळ आली.

“कुणी आहे का, असं हवेत विचारू नका,” ते म्हणाले. “तसं विचारलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा जाईल. आधी जोरात ओरडा. माणसं आली की एकेकाकडे बोट दाखवून काम सांगा. तुम्ही एकशेएकोणीसला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, तुम्ही हृदयाला झटका देणारं यंत्र आणा.”

परक्या माणसाकडे बोट दाखवायचं! लहानपणी याच गोष्टीसाठी मी आईचे फटके खाल्ले आहेत.

माझा नंबर आला. रेन्ताची आई आणि जुळ्यांची आई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ओरडलं की त्यांनी धावत यायचं होतं. मी बाहुलीवर वाकले आणि म्हणाले, “माफ करा हं, कुणाला जरा वेळ असेल तर...”

सगळ्या खुदखुदल्या. मीही हसले.

“आई,” कुवाबारा-सान म्हणाले, “बाळाचा श्वास थांबलाय आणि तुम्ही माफी कुणाची मागताय? पुन्हा.”

“कुणीतरी या.”

“हे बाळालासुद्धा ऐकू नाही गेलं. शेजारच्या घरात ऐकू गेलं पाहिजे, आई! शेजारच्या घरात!”

“शेजारी ऐकू जाऊ नये म्हणूनच तर मी...” एवढंच बोलले आणि खाली बघितलं. समोरच्या बाहुलीला डोळे रंगवलेले होते, तरी ती माझ्याकडे बघतेय असं वाटलं. न्हाणीघरातल्या त्या सगळ्या दुपारी एकदम छातीशी आल्या.

“कुणीतरी या!” मी ओरडले. “या हो! कुणीतरी या!”

एकदाच ओरडायचं होतं. मी ओरडतच राहिले. आवाज पोटातून येत होता, नाक वाहत होतं, आणि शेजारच्या खोलीत आधी एक बाळ, मग सगळीच रडायला लागली. त्यात कोतोहाही असणार. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. मला फक्त एवढंच कळत होतं की मी इतके दिवस फार एकटी होते आणि आज ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

दाराशी उभ्या होत्या त्या दोघी धावत आल्या. आणि पलीकडच्या चटईवरून पिवळा स्वेटर घातलेली एक बाईही धावत आली. तिला खरं तर कुणी बोलावलं नव्हतं.

“आता काम सांगा,” कुवाबारा-सान म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज खाली आला होता.

मी बाहीनं नाक पुसलं. रेन्ताच्या आईकडे बोट दाखवलं. “तुम्ही एकशेएकोणीसला फोन करा.” ती हाताची मूठ कानाला लावून पळाली. “तुम्ही ते झटक्याचं यंत्र आणा.” जुळ्यांची आई भिंतीकडे धावली.

बोट तिसरीपाशी येऊन थांबलं. शिकवलेली कामं संपली होती. ती धापा टाकत उभी होती आणि आपल्याला काय सांगतात याची वाट बघत होती.

“तुम्ही,” मी म्हणाले, “तुम्ही जाऊ नका.”

“बरं,” ती म्हणाली.

ती माझ्या शेजारी गुडघे टेकून बसली. मी दोन बोटं बाहुलीच्या छातीवर ठेवली आणि दाबायला लागले. एक, दोन, तीन. तीस होईपर्यंत ती माझ्याबरोबर मोजत होती.