दुर्गाबाईंची दुसरी अर्जी

मित्रांनो, जवळ यायचं तर खुशाल या, पण माझ्या क्लिपमध्ये बोट घालू नका. ती अजून चावते. बाकी माझ्यात आता काही राम नाही. एक कोपरा उडालाय आणि पाठीवर कुणीतरी कर्कटकानं 'विक्रांत, ८ ब' असं कोरून ठेवलंय. मी परीक्षेचा जुना पॅड आहे आणि उज्जैनला राहतो.

माझा जन्म इंदूरच्या एका कारखान्यातला. लाकडाचा भुसा दाबून दाबून आम्हाला कडक करतात आणि वर क्लिप ठोकतात. इथल्या टावर चौकातल्या दुकानातून विनायकरावांनी मला विक्रांतसाठी, म्हणजे त्यांच्या मुलासाठी, घेतलं. विनायकराव बँकेतले. बदलीवर महाराष्ट्रातून आले ते इथलेच होऊन गेले. विक्रांतनं माझ्यावर दहावी दिली, बारावी दिली. पेपर सोपा गेला की मला थोपटायचा, अवघड गेला की पलंगावर आपटायचा. मग तो नोकरीला पुण्याला गेला आणि त्याच्या आईनं, विजयाताईंनी, मला उचलून लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं. सहा वर्षं! बोर्डाच्या परीक्षा दिलेला मी, आणि डोक्यावर कैरीचं लोणचं. फार वाईट वाटायचं हो.

तिथून मला सोडवलं विक्रांतच्या धाकट्या बहिणीनं, निहारिकानं. ती वकिलीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती.

"आई, हा पॅड नेऊ का गं? तिथे टेबल-बिबल काही नाही, मांडीवर लिहावं लागतं."

"ने ना. पण बरणीखाली दुसरं काहीतरी ठेवून जा, नाहीतर ओटा खराब होईल."

बघा, माझी किंमत एवढीच!

पण पुढे जे दिवस आले ना, तसे दिवस बोर्डाच्या परीक्षेतही आले नव्हते. दर शनिवारी कॉलेजची मुलं देवास गेटजवळच्या एका धर्मशाळेच्या ओसरीत बसायची. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे अर्ज फुकट लिहून द्यायची. कुणाचं राशन कार्ड अडलेलं, कुणाला खोली खाली करायची नोटीस आलेली. मुलं अजून वकील झाली नव्हती, म्हणून कचेरीत साहेबासमोर त्यांना बोलायची परवानगी नव्हती. लिहून द्यायचं, सोबत जायचं आणि मागच्या बाकावर गप्प बसायचं.

एका शनिवारी दुर्गाबाई आल्या. साठीच्या असतील. देवास गेटच्याच बसस्टँडच्या भिंतीशी ठेल्यावर शिलाई मशीन ठेवून त्या प्रवाशांच्या बॅगांच्या चेन आणि तुटलेले बंद शिवून द्यायच्या. बावीस वर्षं हेच काम. त्या आठवड्यात महापालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी आली आणि ठेला मशीनसकट उचलून घेऊन गेली. मालकानं स्वतः अर्ज केला तर मशीन परत मिळणार होती. शुक्रवारपर्यंत कुणी मागितली नाही, तर बेवारस म्हणून लिलाव.

"बेटा, मशीन गई तो मैं गई," एवढंच त्या म्हणाल्या.

निहारिकाचा जीव कळवळला. तिच्या शेजारी अभिजीत बसला होता, तिच्याच वर्गातला. त्यानं मागच्या वर्षीचा एक नमुना पुढे सरकवला. "हा उतरव. जितकं दीनवाणं लिहिशील ना, तितका साहेब लवकर पाघळतो."

निहारिकानं मन लावून लिहिलं. अक्षर तर मोत्यासारखं! एकेक भारी शब्द माझ्या अंगावर उमटत होता आणि मी मूर्ख मनातल्या मनात वाहवा करत होतो. बाहेर रांग मोठी होती. तिनं कागद वाचून दाखवला नाही. शाईचा डबा पुढे केला, दुर्गाबाईंनी विश्वासानं अंगठा लावला.

मंगळवारी आम्ही महापालिकेच्या कचेरीत गेलो. साहेब माणूस बरा होता. त्यांनी अर्जी मोठ्यानं वाचली. "प्रार्थिया एक असहाय, निराश्रित एवं दीन-हीन महिला है, जो भिक्षावृत्ति के कगार पर है..."

"साब," दुर्गाबाई मध्येच त्यांच्या माळवीत म्हणाल्या, "या कुण की अर्जी है?"

"आपकी. अंगूठा आपका है ना?"

"अंगूठो म्हारो है. अर्जी म्हारी नी है. या तो कोई भिखारन की है."

निहारिका ताडकन उठली. शिपायानं हातानंच तिला खाली बसवलं. तिची बोटं माझ्या कडेवर इतकी घट्ट आवळली गेली की मलाच दुखलं. साहेबांनी दोनदा समजावलं, पण दुर्गाबाई मान ताठ ठेवून उभ्या. "ये खुद मना कर रही हैं, मैं क्या करूँ?" असं म्हणत साहेबांनी कागद परत केला.

बाहेर पायरीवर बसून निहारिका रडायला लागली. "काकी, मैंने आपका काम बिगाड़ दिया."

दुर्गाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चिडल्या होत्या, हे दिसत होतं. "मैंने किसी के आगे हाथ नी फैलाया. तूने मुझे भिखारन कैसे लिख दिया?"

"मुझे लगा, साहब को दया आएगी."

"दया का क्या करूँगी? मशीन चाहिए." मग त्यांनी पदरानं निहारिकाचं तोंड पुसलं, अगदी लहान मुलीचं पुसावं तसं. "चुप हो जा. कागज़ निकाल. मैं बोलती हूँ, तू लिख."

मित्रांनो, त्या पायरीवर दोन तास गेले. दुर्गाबाई सांगत होत्या, निहारिका लिहीत होती आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवत होती. 'कृपया' आलं तशा त्या अडल्या. "ये काट. मशीन मेरी, कृपा काहे की?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "चल, रहने दे. साब को अच्छा लगेगा." निहारिका रडता रडता हसली. शेवटी पूर्ण अर्जी चार वेळा वाचून झाली. चौथ्या वेळेला दुर्गाबाईंनी मान हलवली आणि स्वतःच शाई मागितली.

गुरुवारी पुन्हा तीच कचेरी, तोच बाक. साहेबांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"मैं दुर्गाबाई. बाईस साल से देवास गेट पर बैग सुधारती हूँ. जिसकी बस छूट रही हो, उसका काम पहले करती हूँ. आपके लोग मेरी मशीन ले गए. मशीन को आठ दिन से तेल नहीं मिला..."

तिथे ते पान उलटायला थांबले. दुर्गाबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. पण पुढची ओळ त्यांनीच म्हटली, सावकाश, साहेबांच्या डोळ्यांत बघत.

"...लोहा है, जाम हो जाएगा. फिर लौटाओगे भी, तो क्या लौटाओगे."

साहेबांनी पान उलटून बघितलं. अक्षर न् अक्षर तसंच लिहिलेलं होतं.

"ये अर्जी आपकी है?"

"म्हारी है."

त्यांनी सही केली आणि शिपायाला मशीन काढायला सांगितलं. हुश्श! माझ्या जिवात जीव आला. निहारिकाला तिथे एक शब्द बोलायची परवानगी नव्हती, आणि तिची गरजही पडली नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी लोणच्याखालीही दिवस काढले. पण तुमच्यापैकी कुणीतरी उद्या दुसऱ्याचं दुःख कागदावर लिहायला बसेल. तेव्हा ते त्याला वाचून दाखवा. हवं तर चार वेळा दाखवा. 'हे माझंच आहे' असं तो स्वतः म्हणत नाही, तोवर शाई पुढे करू नका.