दुपारचा दुसरा भाग

हर्षाने सासऱ्यांच्या पाठीखाली हात घातला, त्यांचा निर्जीव उजवा खांदा उचलून धरला आणि त्यांना हळूच डाव्या कुशीवर वळवलं. तिने स्वतःच्या गाऊनच्या आत घातलेला निळा ड्रेस काखेत दाटला. तिने गळ्याची बटणं चाचपली आणि भिजलेली चादर ओढून काढली.

“झालं हं, पप्पा.”

मिश्रीलाल टीव्हीकडे बघत होते. पडद्यावर घाटात एक ट्रक उलटा पडला होता, आणि अँब्युलन्समधून उतरलेली सिस्टर मोहिनी रांगत रांगत केबिनकडे चालली होती. ‘गाडी क्रमांक सात’चा हा भाग हर्षाने पूर्वी पाहिला होता. केबिनमध्ये अडकलेला माणूस वाचतो, हे तिला माहीत होतं. तरी ती भिजली चादर हातात धरून बघत राहिली.

मालिका तीस वर्षांपूर्वीची. रंग उडालेले, अँब्युलन्स म्हणजे पांढरा रंग फासलेली मेटॅडोर, आणि ड्रायव्हर कुशाबाच्या मिशा तर उघडउघड चिकटवलेल्या. आता कुठलंसं चॅनेल तिचे दोन दोन भाग रोज दुपारी लावतं आणि ओतूरची अर्धी पेठ दुकानाची शटरं अर्धी ओढून ते बघते. नव्या मालिकांमध्ये बायका झोपतानाही दागिने घालतात आणि जागेपणी एकमेकींच्या वाईटावर असतात. इथे कुणीतरी फोन करतं आणि कुणीतरी धावत येतं. गोष्ट एवढीच. पण हाक मारल्यावर कुणी येतं, हे बघायला माणसाला कधी कंटाळा येत नसावा.

पलंगापासून लांब, पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून सासूबाई सूरजबाई सामायिकात, जैनांच्या रोजच्या ध्यानाच्या नेमात, बसल्या होत्या. पांढरं आसन, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, हातात माळ आणि पुढ्यात वाळूचं घड्याळ. वरची वाळू खाली उतरायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ जागचं उठायचं नाही, घरातलं काही बोलायचं नाही, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. टीव्ही कानावर पडणं हासुद्धा दोषच. म्हणून हर्षा आवाज अगदी बारीक ठेवायची. तरी सिस्टर मोहिनी धावायला लागली की सासूबाईंची माळ थबकायची. रागाने, असं हर्षाला वाटायचं.

आज तिला याच वेळात घराबाहेर पडायचं होतं, आणि नेमकी आजच चादर भिजली होती.

‘डॉक्टर सून आणली,’ असं मिश्रीलालांनी लग्नात ज्याला त्याला सांगितलं होतं. किराणा दुकानाशेजारच्या गाळ्यात ते तिला दवाखाना काढून देणार होते. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि गाळ्यात तेलाचे डबे आले. पगारी नर्स ठेवू या, असं हर्षाचा नवरा पिंटू एकदा म्हणाला होता. तेव्हा सूरजबाई म्हणाल्या, “काखेत कळसा आन् गावाला वळसा कशाला?” त्या दिवसापासून हर्षाची सगळी डॉक्टरकी या वरच्या मजल्यावरच्या खोलीत चालू होती. जिना खाली दुकानात उतरायचा आणि दुकानात गल्ल्यावर पिंटू बसलेला असायचा. त्याला न दिसता या घरातून मांजरही बाहेर जात नसे. कधी कधी भर दुपारी हर्षाला वाटायचं, खिडकीत उभं राहून ओरडावं. पण ओरडून सांगणार काय? कुणी तिला वाईट वागवत नव्हतं. सगळे चांगले होते, आणि त्यामुळेच तिचा जीव जास्त गुदमरायचा.

घाटाजवळच्या मढ गावी असलेल्या सरकारी अँब्युलन्सवर डॉक्टर हवा होता. माळशेज घाटात अपघात झाला की हीच गाडी जाते. हर्षाने गुपचूप मुलाखत दिली होती, ती फोनवरच. निवड झाली होती. आज पाचच्या आत जुन्नरला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. त्यासाठी तीनच्या सुमाराची एसटी मिळायला हवी होती.

तिने काल घरात सांगून पाहिलं होतं. जैनाघरची जेवणं दिवस मावळायच्या आत होतात. तिघं ताटावर असतानाच तिने विषय काढला.

“गाडीवर?” सूरजबाईंनी विचारलं. “घाटात?”

“हो.”

“आन् दिवस मावळायच्या आत जेवायचं कुठं? घाटातच का?”

पिंटू ताटातून मान वर न करता म्हणाला, “मम्मी म्हणतील तसं.”

मम्मींनी ताटातला पापड उचलला. त्याचे तुकडे करत बसल्या आणि मग भलतंच बोलायला लागल्या.

“ही मालिका पयल्यांदा लागायची ना, तवा पेठंत आपलाच टीव्ही रंगीत व्हता. आमच्या सासूबाई लई कडक. पण त्या सामायिकात बसल्या की आमी जावा-जावा टीव्हीपुढं. वाळू संपली की पळालो चुलीकडं. एखाद्या दिवशी त्यांनी लगोलग दुसरं सामायिक घेतलं, तर आमची दिवाळीच.”

“त्यांना माहीत होतं, तुम्ही टीव्ही बघता ते?”

“कुणाला ठावं. सामायिकातल्या माणसाला काय इचारता येतं व्हय?”

असं म्हणून त्यांनी ताट उचललं. म्हणजे नाहीच, असं हर्षा समजली. विषय टाळायची ही या घरची रीत होती. रात्रभर विचार करून तिने ठरवलं, सामायिक चालू असताना जायचं. तेव्हा सासूबाई अडवू शकणार नाहीत. पिंटूला सांगायचं, औषधं आणायला चालले. चोरासारखं जायचं, पण जायचं.

तिने कोरडी चादर अंथरली, मिश्रीलालांचं अंग पुसलं, कपडे बदलले, पाठीला पावडर लावली. घाईघाईत करता येतील अशी ही कामं नव्हेत. एकदा तिने घड्याळाकडे पाहिलं तेव्हा वरच्या भांड्यात बरीच वाळू होती. पुढच्या वेळी पाहिलं तर तळाशी चिमूटभर उरली होती.

टीव्हीवर ट्रकचा ड्रायव्हर बाहेर निघाला होता. स्ट्रेचरवरून त्याने कसंबसं सांगितलं की क्लीनर खाली दरीत आहे. सिस्टर मोहिनी वळली, धावली, आणि भाग संपला. रोज इथे हर्षा टीव्ही बंद करून चहाचं आधण ठेवायची. लगेच लागणारा दुसरा भाग या घरात कधी कुणी पाहिला नव्हता.

सूरजबाईंनी सामायिक संपवण्याचे पाठ म्हटले आणि मुहपत्तीची दोरी सोडली. हर्षा रिमोट हातात धरून उभी राहिली. संपलं सगळं. आता चहा, मग भाजी निवडणं, मग दिवस मावळायच्या आत जेवणं, आणि उद्या पुन्हा हीच खोली. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

सूरजबाई गुडघ्यावर हात दाबून उठल्या. रोज त्या आसनाची घडी घालून कपाटात ठेवायच्या. आज त्यांनी ते उचललं आणि मिश्रीलालांच्या पलंगाला लागून अंथरलं. वाळूचं घड्याळ आणून त्यापुढे ठेवलं. मग हर्षाकडे पाहिलं. गाऊनच्या गळ्यातून निळी पट्टी बाहेर आली होती.

“निळा चांगला दिसतो तुला.”

हर्षाचा हात गळ्याशी गेला.

“मम्मी, मी...”

“टीव्ही बंद करू नको. आन् आवाज वाढव जरा. रोज इतका बारीक ठेवतेस, निम्मं कळतच न्हाई मला. संध्याकाळी प्रतिक्रमणात त्याची माफी मागावीच लागती, तर नीट ऐकून तरी मागते.”

हर्षाने आवाज वाढवला.

“खाली जाशील तवा पिंटूला वर पाठव,” सूरजबाई आसनावर बसत म्हणाल्या. “ह्यांना कुशीवर करायला माणूस लागंल.”

“दुकानात कोण बसेल?”

“कुणी न्हाई. मेलं दुकान काय पळून जात न्हाई.”

त्यांनी घड्याळ उलटं केलं. वाळू पुन्हा उतरायला लागली. त्यांनी मुहपत्ती बांधली, हात जोडले आणि दुसऱ्या सामायिकाचं पच्चक्खाण, म्हणजे त्या नेमाचं व्रत, घेतलं. आता त्यांना काही विचारता येणार नव्हतं.

हर्षाने गाऊन काढून खुंटीला अडकवला. मिश्रीलालांचा डावा हात तिने क्षणभर हातात घेतला. त्यांनी तो दाबला की नाही ते तिला नक्की सांगता आलं नसतं. सर्टिफिकेटांची पर्स तिने सकाळीच स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे लपवली होती. ती घ्यायला ती आत गेली. पर्स जिथल्या तिथे होती. तिच्या शेजारी पितळी कडीचा छोटा डबा फडक्यात गच्च बांधून ठेवला होता. अजून कोमट होता.

तिने फडक्याच्या गाठीवरून हात फिरवला. मग डबा आणि पर्स घेऊन जिना उतरली.

“कुठं चाललीस?” पिंटूने विचारलं.

“मम्मींनी तुम्हाला वर बोलवलंय.”

“आत्ता? त्या सामायिकात असतील ना?”

“हो. दुसऱ्या.”

पिंटू याच घरात लहानाचा मोठा झाला होता. त्याने तिच्या ड्रेसकडे पाहिलं, हातातल्या डब्याकडे पाहिलं. त्याने गल्ल्याला किल्ली लावली. मग उठला आणि बाहेर जायच्या वाटेवरची काउंटरची फळी त्याने तिच्यासाठी उचलून धरली.

“पोचलीस की फोन कर,” तो म्हणाला.

बाहेर ऊन लख्ख होतं. वरच्या खिडकीतून सायरन ऐकू येत होता, इतका मोठा की समोरच्या दुकानातल्या माणसाने मान वर करून पाहिलं. हर्षा पेठेतून निघाली. लांबून स्टँडवर लागलेली एसटी दिसली, तशी ती डबा छातीशी धरून धावायला लागली.