एडविनचे मत

“आज तू घरीच थांबलास, तर कुणाचं काही बिघडणार नाहीये,” मिस हेस्टर म्हणाल्या आणि त्यांनी भाच्याच्या ताटलीत डुकराच्या मांसाचा आणखी एक काप वाढला. “सर्दी झालीय म्हणून सांगते मी सगळ्यांना. थोडी झालेलीच दिसतेय.”

“न-नाही झालेली, आत्या,” एडविन हसून म्हणाला.

आपल्या हाताखाली वाढलेला पोरगा किती हट्टी आहे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार! भावजय बाळंतपणात गेली, तेव्हा मिस हेस्टर महिनाभर बाळाला सांभाळायला म्हणून भावाच्या घरी आल्या होत्या. त्याच घरात त्यांचे केस पांढरे झाले. पोर गुणी निघाले, पण जीभ अडखळायची. भाऊ गिल्बर्ट पेनफोल्ड मोठे जमीनदार, मनाने चांगले, पण धीर म्हणून कसा तो नाही. मुलगा एखाद्या शब्दाशी अडला, की बाप तो शब्द स्वतःच उच्चारून मोकळा होई, आणि तोही बहुतेक वेळा चुकीचा. त्यापायी एडविनने लहानपणी नको असलेली पुडिंगे पुष्कळ खाल्ली.

आता त्याच गिल्बर्टसाहेबांना पार्लमेंटात जायचे होते. परदेशातून येणाऱ्या धान्यावरचा कर टिकला पाहिजे, नाहीतर आपण जमीनवाले बुडालो, असे ते गावोगाव सांगत होते. एडविनला ते पटत नव्हते. पावासाठी रांगेत ताटकळणाऱ्या विणकरांच्या बायका त्याने पाहिल्या होत्या. ईस्टरच्या जेवणात बापलेकांचे वाजले. मतदानात माझ्याविरुद्ध नाव घेतलेस तर या घराचा उंबरा चढायचा नाही, असे गिल्बर्टसाहेब सगळ्यांदेखत बोलून बसले. त्याच आठवड्यात एडविन आईच्या वाट्याच्या लहानशा शेतावर राहायला गेला. जमीनमालकालाच मत असे, तेव्हा त्या शेतामुळेच तर त्याला मताचा हक्क होता. आज मतदान, म्हणून मिस हेस्टर सकाळीच तिथे आल्या होत्या.

मिस हेस्टरना धान्याच्या कराचे काही एक पडले नव्हते. रविवारी टेबलावर तीन माणसे असावीत, एवढेच त्यांचे राजकारण. पण मत द्यायचे ते चारचौघांत, मोठ्याने नाव घेऊन. एकदा ते नाव तोंडातून गेले की गिल्बर्ट शब्द मागे घेणारा नव्हता, आणि एडविन पाय धरणारा नव्हता.

“तू नसलास तर त्या ब्रॅन्ड्रेथचं एक मत कमी होईल, एवढंच ना?” त्या शेवटचे म्हणून बोलल्या. “माझ्यासाठी एवढं नाही करणार?”

त्याने आत्याचा हात हातात घेतला. मग उठून कोट चढवला.

दुपारी थॉर्नबी गावच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या खानावळीच्या माडीवर, खिडकीत, मिस हेस्टर भावाच्या पक्षाची निळी फीत लावून बसल्या होत्या. पावसाची भुरभुर चालू होती. लाकडी मंचावर गिल्बर्टसाहेब आणि ब्रॅन्ड्रेथ, दोन्ही उमेदवार खुर्च्या टाकून बसलेले. एकेक मतदार वर चढे, नाव उच्चारी, कारकून लिहून घेई. ज्याचे नाव निघे तो उमेदवार उठून हॅट काढी. गिल्बर्टसाहेबांची सकाळपासून तीच कवायत चालली होती.

एडविन पायऱ्या चढताना दिसला आणि मिस हेस्टर खिडकीतून बाहेर वाकल्या.

कारकुनाने विचारले, मत कोणाला? एडविनने तोंड उघडले. ओठ मिटले, पुन्हा उघडले, मान ताठ झाली. शब्द काही येईना. खालून कुणीतरी कोंबड्यासारखा आरवला. लोक खो खो हसले.

“वडिलांनाच ना, साहेब?” कारकून समजुतीने म्हणाला. “नुसती मान हलवा. मी लिहून घेतो.”

हलव, बाळा, हलव मान, मिस हेस्टर मनात म्हणत होत्या. तेवढ्याने सगळे मिटले असते. एडविनने मान हलवली, पण आडवी.

तेव्हा गिल्बर्टसाहेब उठले. त्यांचे ते पुढे झुकून उठणे त्यांच्या बहिणीला चांगले ओळखीचे होते. आता हा मुलाचा शब्द स्वतःच बोलून टाकणार, मिस हेस्टरना वाटले.

“लेखणी ठेवा खाली,” ते कारकुनाला म्हणाले. मग कठड्याशी येऊन त्यांनी गर्दीकडे अशी नजर टाकली की आरवणारा गप्प झाला. “त्याला बोलायचंय. बोलू द्या. मला घाई नाही.”

बाप मुलाकडे पाहत उभा राहिला, काहीही न बोलता. एवढा वेळ गप्प राहिलेला गिल्बर्ट मिस हेस्टरनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

“ब... ब... ब्रॅन्ड्रेथ,” एडविन म्हणाला. शेवटी आवाज असा खणखणीत निघाला की तो माडीवर ऐकू आला.

हॅट काढण्याचा मान आता समोरच्या उमेदवाराचा. ब्रॅन्ड्रेथ उठलेही. पण त्यांच्याआधी गिल्बर्टसाहेबांनी आपली हॅट काढली होती. एडविनने वडिलांपुढे मान लववली आणि तो खाली उतरला.

“काय हो हे, तुमच्याच घरात...” शेजारच्या बाई हळहळल्या.

“आमच्या एडविनचा आवाज चांगला आहे, नाही?” मिस हेस्टर म्हणाल्या. डोळ्यांतले पाणी त्यांनी पुसलेसुद्धा नाही.

मंचावर गावचा खाटीक चढला होता. त्याने जोरात पेनफोल्डसाहेबांचे नाव घेतले आणि तो मानाची वाट पाहत उभा राहिला. त्याने पुन्हा नाव घेतले. गिल्बर्टसाहेबांना ऐकूच गेले नाही. हॅट हातातच होती, टकलावर पाऊस पडत होता, आणि ते मुलगा उतरून गेला त्या पायऱ्यांकडे पाहत होते.