सहाला दहा कमी

अप्पारावांच्या मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं. फुलंब्रीहून एसटीनं नोकरीला यायचे तेव्हापासूनची सवय. पुढं मोटारसायकल आली, तरी त्यांनी काटे मागं घेतले नाहीत. वर ऐट अशी, की आपण कुठंच उशिरा पोचत नाय. माझं काही म्हणणं नव्हतं. ज्याचं मनगट, त्याचं घड्याळ.

पण दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात हे घड्याळ टँकर भरायच्या पॉइंटवरच्या कॉम्प्युटरात शिरलं, आणि माझं डोकं फिरलं.

मी तिथली ऑपरेटर, अप्पाराव माझे सुपरवायझर. टँकर आला की मी नंबर टाकायचा, पावतीवर वेळ मशीन छापतं. संध्याकाळी सहानंतर पावती निघत नाही, आणि पावतीशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. मशीन लिनक्सवर चालतं. आतला बटणाएवढा सेल कधीच मेलाय, त्यामुळे वीज गेली की ते वेळ विसरतं. इंटरनेटवरून आपली वेळ आपण लावून घेणं त्याला येतं, पण अप्पारावांनी ते बंद करून ठेवलेलं. मनगट पडद्याशी न्यायचे, चिठ्ठीवर लिहून ठेवलेली कमांड एका बोटानं टाइप करायचे आणि म्हणायचे, "वेळ माणसानं लावायची असती."

हर्सूलच्या पुढं शहर वाढलं. प्लॉट पडले, घरं उठली, पाइपलाइन मात्र नकाशातच राहिली. आमच्या गल्लीला पाणी म्हणजे कडुबाच्या टँकरची तिसरी खेप. ती भरायला तो पोचायचा तेव्हा सहाला पाच-दहा मिनिटं कमी असायची. मशीनवर मात्र सहा वाजून गेलेले. त्या आठवड्यात चार दिवस तो रिकामा परतला. साठ घरं कोरडी, त्यातलं एक माझं.

चौथ्या दिवशी शेजारच्या आवडाबाई टँकरमध्ये बसून थेट माझ्या खिडकीशी आल्या. "सायले, तुझं यंत्र आमच्यावरच रुसलंय व्हय गं?"

मला लाज वाटली. मी मोबाइल घेऊन अप्पारावांकडे गेले. "साहेब, पाच बावन्न झालेत. मशीन दहा मिनिटं पुढं आहे."

"मोबाइल काय, काहीबी दाखवतो. मशीनवर सहा वाजून गेले. नियम म्हंजे नियम."

"मशीनला ते तुम्हीच सांगितलंय."

"लई शहाणी झालीस!"

हातानं वेळ मागं घेणं मला अवघड नव्हतं. पण तिनं आपल्या गल्लीसाठी काटा फिरवला, असं कुणीही म्हणालं असतं, आणि ते खरंच ठरलं असतं. त्यांच्या मनगटाऐवजी माझं मनगट, एवढाच फरक. मला कुणाचंच मनगट नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनची आपोआप वेळ लावायची सोय चालू केली, नोंदवहीत तसं लिहिलं आणि खाली सही केली.

दुपारी वीज जाऊन आली. मशीन उठलं आणि कुणाला न विचारता बरोबर वेळेवर आलं. संध्याकाळी अप्पारावांनी पडदा पाहिला, मग मनगट पाहिलं, आणि चिठ्ठी काढून एका बोटानं कमांड टाइप केली. मशीननं इंग्रजीत सरळ नकार दिला: आपोआप वेळ चालू आहे, हातानं लावता येणार नाही. त्यांनी पुन्हा टाइप केली. पुन्हा तेच. खरं सांगते, मला त्या डबड्याचा अभिमान वाटला.

तेवढ्यात फाटकात कडुबाचा हॉर्न वाजला.

"बंद कर ते," अप्पाराव ओरडले.

"करते. लेखी द्या."

"काय?"

"लिहा, की मशीनची वेळ बंद करून माझ्या घड्याळाप्रमाणे लावावी. खाली सही, तारीख आणि वेळ. वेळ कुठल्या घड्याळाची, तेही लिहा."

मी कोरा कागद पुढं सरकवला. त्यांनी पेन उघडलं. मनगटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. पेन तसंच हातात राहिलं.

"उद्यापासून कामावर येऊ नको."

"बरं. तेही त्याच कागदावर लिहा."

कागद कोराच राहिला. मी कडुबाचा नंबर टाकला. पावती निघाली, वेळ पाच पन्नास. अप्पारावांच्या मनगटावर तेव्हा सहा वाजत होते, आणि खाली व्हॉल्व्ह उघडला होता.