जवसगल्लीचा चौथा गडी

भिंतीपलीकडून घरघर ऐकू येतेय ना? घाबरू नका, तो मीच. मी सायकलवाल्यांचा रोलर बोलतोय. लोखंडी चौकटीत आडवी बसवलेली तीन जाडजूड लाकडी लाटणी, एवढाच माझा देह. मागच्या दोन लाटण्यांवर सायकलचं मागचं चाक ठेवायचं, पुढच्या एकावर पुढचं, आणि पायडल मारत सुटायचं. धरायला काही नाही. तोल गेला की थेट भिंत! बाहेर गारा पडोत नाहीतर रस्त्यावर बर्फ साचो, चाकं पळतात, मी गरगरतो आणि सायकल मात्र जागच्या जागी. आजवर हजारो मैल पळालो असेन, पण बेल्जियमच्या फ्लांडर्समधलं हे एक खेडं काही मला ओलांडता आलं नाही.

खुर्च्या करणाऱ्या एका सुताराने मला कातून काढलं. मागच्या लाटण्याबरोबर पुढचंही फिरवणारा माझा पट्टा जवसाच्या गिरणीतल्या मोडक्या यंत्राचा. माझा पहिला धनी ओडिल. तीस हिवाळे तो माझ्यावर घाम गाळत होता. मग त्याचे गुडघे गेले आणि मी माळ्यावर गेलो, त्याच्या कबुतरांच्या टोपल्यांखाली. पंधरा वर्षं त्या कबुतरांनी माझ्यावर जे करायचं ते केलं. त्याविषयी न बोललेलं बरं.

यंदा जानेवारीत मला खाली काढलं ते गल्ल्यांच्या शर्यतीसाठी. दर फेब्रुवारीत गावच्या कॅफेत रोलरची शर्यत होते, प्रत्येक गल्लीचे चार गडी. आमच्या जवसगल्लीचे तीन ठरले होते. चौथ्याच्या नावाचा डंका ओडिलने आधीच पिटला, "चौथा आमचा वानेस! रक्तातच आहे त्याच्या."

वानेस त्याचा मुलगा. पोस्टात कामाला. ऑक्टोबरातच त्याचं लग्न झालेलं. बायको शेजारच्या गावची, अबोल. गल्लीत तिला सगळे "वानेसची बायको" म्हणत. नाव विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी धुण्याच्या खोलीत वानेस माझ्यावर चढला. चार पायडल मारले आणि उडून कपड्यांच्या ढिगात पडला.

"अगं, मेलो!"

"मेला नाहीस. चादरींवर पडलायस," ती म्हणाली. "त्याही मळक्या."

मग तिने सीट खाली केली. "बघू जरा," म्हणाली आणि बसली. काय सांगू! पंधरा वर्षांनी मला चक्क गुदगुल्या झाल्या. ना धक्का, ना हिसका. माहेरी म्हणे हिवाळ्यात रोज जेवण आणि रोलर चुकत नसे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, बटाटे सोलता सोलता, ओडिल ओरडला, "ऐकलंस का गोडेलीव्ह? काय पाय आहेत पोराचे! सायीसारखे!"

"पाय सायीसारखे?" सासूबाईंनी विचारलं.

"आवाज गं, आवाज!"

इकडे वानेस पालथ्या बादलीवर बसून वॉफल खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला.

"आता बाहेर जाऊन सांगणार कोण?" तो कुजबुजला.

"तू."

"उद्या सांगतो."

तो उद्या तीन आठवडे चालला. रोज संध्याकाळी ती मला दामटायची, आणि वानेस कपाळावर नळाचं पाणी शिंपडून बाहेर जायचा. ओडिल त्याच्या पाठीवर थाप मारायचा, ताटात दुसऱ्यांदा वाढायचा, "खा, माझ्या सिंहा, खा!" सिंहाचं वजन तीन किलोंनी वाढलं.

एका संध्याकाळी ती माझ्यावरूनच, पाय न थांबवता म्हणाली, "वानेस, चौथी जागा मला हवीय."

तो बादलीवरून उठला. मग म्हणाला, "बाबांना सांगू?"

"नको. रविवारी ऐकू देत."

रविवारी चौथ्याची निवड. आमच्याकडे निवडीची एक रीत आहे. गल्लीतली जाणती मंडळी रोलरकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसतात. कोण बसलंय ते सांगायचं नाही. चेहरा दिसला की कुणाला भाचा आठवतो, कुणाला जावई. म्हणून फक्त कानांनी निवडायचं.

मला कबुतरांच्या टोपल्या वाहायच्या गाडीतून कॅफेत नेलं. आधी वानेस चढला. माझी लाटणी खडखडली.

"हे कोण दळण दळतंय?" भिंतीकडे बघत ओडिल गरजला. "उतरवा त्या गाढवाला! रोलर मोडेल माझा!"

कॅफे हसून लोळलं. वानेस इतक्या आनंदाने कधी कुठून उतरला नसेल.

मग ती चढली. मी म्हटलं, पोरी, आज माझा पट्टा तुटला तरी चालेल. आणि सुटलो की आम्ही! तिन्ही लाटणी एका सुरात, टेबलांवरचे पेले किणकिणायला लागले, कुणाचं तरी कुत्रं भुंकायचं विसरलं.

ओडिलने पेला आपटला. "हा! हा माझा वानेस! लिही, जर्मेन, लिही नाव!"

कॅफेवाली जर्मेन खडू घेऊन उभी होती. "ओडिल, तुझा वानेस माझ्यासमोर उभा राहून चीज खातोय."

ओडिल वळला. सगळेच वळले. ती थांबली नाही. घाम हनुवटीवरून माझ्यावर ठिबकत होता, आणि हा खरा होता.

"मग तो गाढव कोण होता?" ओडिलने विचारलं.

"मी, बाबा."

"आणि हे तीन आठवडे...?"

"तीच."

"कान तपासून घे रे, ओडिल!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. "सून आणि मुलगा ओळखता येईना!"

ओडिलचं तोंड टोमॅटोसारखं झालं. वाटलं, आता उतर म्हणतो. पण तो तिच्या पायांकडे बघत राहिला, बघत राहिला.

"कान ठणठणीत आहेत माझे," तो शेवटी म्हणाला. "पाय चांगले म्हटलं, ते चांगलेच आहेत. कुणाला लागलेत ते मी कुठे विचारलं होतं? लिही, जर्मेन."

"काय लिहू? वानेसची बायको?"

सुनेचं नाव काय, म्हणून ओडिल डोकं खाजवू लागला. आता त्याची शोभा होणार, तोच माझ्यावरून आवाज आला, धापा टाकत, पण लखलखीत:

"लिझेलोट!"

जर्मेनने ते फळ्यावर इतकं मोठं लिहिलं की त्या दिवशीच्या सूपचं नाव पुसलं गेलं.

आता शर्यत उद्यावर आलीय. ओडिल खुर्ची आणून माझ्याशेजारीच बसतो. "वळणावर ढिली पडू नकोस, पोरी!" म्हणून ओरडतो. धुण्याच्या खोलीत वळण कुठलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. बटाटे आता वानेस सोलतो.

पण आज सकाळी चक्क ऊन पडलं हो! रस्ते सुकले की ही बाहेर पळणार आणि मी पुन्हा कबुतरांखाली. तेव्हा मंडळी, तुमची वरती कुणाशी ओळख असेल, तर आमच्यासाठी एवढा एक शब्द टाका. थोडं धुकं, थोडा चिखल, मूठभर गारा. फार नको, एप्रिलपर्यंत पुरतील एवढ्याच.

बरं, पुरे आता. बूट वाजताहेत. आली ती!